गार्डन सिटी म्हणजे नुसती बाग नव्हे : घराच्या किमतीचं गणित मांडणारा एबेनेझर हॉवर्ड

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, शहर कुठलंही घ्या. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत गार्डन सिटी, ग्रीन सिटी, इको व्हिलेज अशी नावं हमखास दिसतात. वर चित्रात हिरवळ, तळं, सायकल चालवणारी मुलं आणि खाली किंमत. ती किंमत वाचली की सामान्य नोकरदार गुपचूप पान उलटतो.

गंमत अशी की, गार्डन सिटी हा शब्द ज्या माणसामुळे जगभर पोचला, त्याच्या डोक्यात नेमकं याच्या उलट होतं. त्याला झाडं आणि मोकळी हवा हवी होतीच, पण ती साध्या कामगाराला परवडणाऱ्या भाड्यात. त्यासाठी त्यानं आधी चित्र काढलं नाही, आधी हिशोब मांडला. जमीन किती, किती पैशांत घ्यायची, कर्जावर व्याज किती, दर माणशी भाडं किती आणि जमिनीचा भाव वाढला तर तो पैसा कोणाच्या खिशात जाणार, सगळं आकड्यांत.

हा माणूस आर्किटेक्ट नव्हता, इंजिनियर नव्हता, जमीनदार तर नव्हताच. तो होता लघुलेखक, म्हणजे आपल्या भाषेत स्टेनो. नाव एबेनेझर हॉवर्ड.

मिठाईवाल्याचा मुलगा, फसलेला शेतकरी

हॉवर्डचा जन्म २९ जानेवारी १८५० चा, लंडनच्या अगदी मध्यवर्ती भागातला. वडिलांचा बेकरी आणि मिठाईचा धंदा. मुलाला लहानपणीच गावाकडच्या निवासी शाळांत पाठवलं गेलं. १५ व्या वर्षी शाळा सुटली आणि तो लंडनमध्ये कारकून झाला. कॉलेजचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही. मात्र पिटमनची लघुलिपी तो स्वतःच्या स्वतः शिकला आणि पुढे आयुष्यभर पोट त्यावरच भरलं.

१८७१ साली, २१ व्या वर्षी, तो दोन मित्रांबरोबर अमेरिकेला गेला. नेब्रास्कामध्ये १६० एकर जमीन घेऊन शेती करायचा बेत होता. शेतीतलं काहीच येत नव्हतं. एका हिवाळ्यात बेत बारगळला आणि हॉवर्ड शिकागोला जाऊन कोर्टातली कामकाजं टिपू लागला. ऑक्टोबर १८७१ च्या भीषण आगीत शिकागो शहराचा मोठा भाग जळून गेला होता आणि ते नव्यानं उभं राहत होतं. शहर म्हणजे आपोआप वाढणारी गोष्ट नाही, ते ठरवूनही बांधता येतं, हे त्यानं तिथे रोज पाहिलं.

१८७६ ला तो लंडनला परतला आणि संसदेच्या कामकाजाचं अधिकृत वृत्तांकन करणाऱ्या संस्थेत लागला. १८७९ मध्ये एलिझाबेथशी लग्न झालं, मुलं झाली, संसार वाढला. पैशाची चणचण कायम. फावल्या वेळात टाइपरायटरमध्ये सुधारणा करायच्या, नवी यंत्रं बनवायची, हा छंद होता. त्यातून पैसा आला नाही, उलट गेलाच.

एकीकडे गर्दी, दुसरीकडे ओस पडलेली खेडी

संसदेत बसून तो दिवसभर दोन प्रकारच्या तक्रारी टिपायचा. एक, लंडनमध्ये माणसं मावत नाहीत. एकेका खोलीत अख्खं कुटुंब, खाली गटार, वर धूर आणि तरी भाडं चढंच. दोन, खेडी ओस पडताहेत. परदेशी धान्य स्वस्तात येऊ लागल्यानं इंग्लंडमधली शेती तोट्यात गेली होती, मजूर शहराकडे निघाले होते आणि शेतजमिनीचे भाव उतरले होते.

दोन्ही तक्रारी टिपणाऱ्याला एक गोष्ट लक्षात आली. शहरातलं घर महाग आहे ते विटा आणि लाकडामुळे नाही, तर त्याखालच्या जमिनीमुळे. आणि जमीन महाग होते ती मालकानं काही केलं म्हणून नाही, तर तिथे हजारो माणसं राहायला येतात म्हणून. भाव वाढवतात राहणारे, पैसा मिळतो मालकाला. म्हणजे भाडेकरू स्वतःच्याच येण्यानं वाढलेल्या भावाची किंमत पुन्हा स्वतःच भरतो.

हा विचार एकट्या हॉवर्डचा नव्हता. जमिनीवरच्या भाड्याबद्दल हेन्री जॉर्ज लिहीत होता, भविष्यातल्या सहकारी समाजाची कादंबरी एडवर्ड बेलामीनं लिहिली होती. ते सगळं हॉवर्डनं वाचलं होतं. त्याचं वेगळेपण हे की, क्रांतीची किंवा सरकारची वाट न पाहता हे आजच्या आज कसं करता येईल, याचा हिशोब त्यानं मांडला.

६,००० एकरांचा हिशोब

१८९८ साली त्याचं पुस्तक आलं. छपाईसाठी एका मित्राकडून ५० पौंड उसने घ्यावे लागले. योगायोग पाहा, प्लेगनं हादरलेल्या मुंबईत दाटीवाटीच्या वस्त्या सुधारण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला तोही १८९८ सालीच. प्रश्न दोन्हीकडे एकच होता. पुढे १९०२ मध्ये हॉवर्डचं पुस्तक नव्या नावानं निघालं आणि त्या नावात गार्डन सिटी हे शब्द आले.

पुस्तकातलं गणित सोपं करून सांगायचं तर असं :

- शहरापासून दूर ६,००० एकर शेतजमीन घ्यायची. एकरी ४० पौंड धरले तर एकूण २ लाख ४० हजार पौंड.
- त्यातल्या फक्त १,००० एकरांवर शहर वसवायचं. उरलेल्या ५,००० एकरांवर शेती, कुरणं आणि जंगल कायम राहणार.
- शहरात ३०,००० माणसं आणि शेतांवर २,०००. त्याहून जास्त नाही. शहर भरलं की शेतांच्या पलीकडे दुसरं नवं शहर.
- घरांसाठी ५,५०० प्लॉट. सरासरी प्लॉट २० फूट रुंद आणि १३० फूट लांब, म्हणजे २,६०० चौरस फूट. वर्षाचं सरासरी भाडं ६ पौंड.
- घरं, कारखाने, दुकानं आणि शेतं मिळून वर्षाला ६४,००० पौंड जमा. माणशी फक्त २ पौंड आणि यातच घरपट्टीही आली.

आता खर्चाची बाजू. जमिनीसाठी काढलेल्या कर्जावर ४ टक्क्यांनी ९,६०० पौंड व्याज. मुद्दल फेडण्यासाठी दर वर्षी ४,४०० पौंड बाजूला. उरलेले ५०,००० पौंड रस्ते, शाळा, वाचनालयं आणि बागांसाठी. ३० वर्षांत कर्ज फिटलं की जमीन कायमची गावाची आणि व्याज-मुद्दलाचे ते १४,००० पौंडही गावाचेच. त्यातून म्हाताऱ्यांना पेन्शन देता येईल, असं त्यानं लिहून ठेवलं होतं.

या योजनेत प्लॉट कोणालाही विकायचा नव्हता. तो भाडेपट्ट्यानं द्यायचा आणि ठरावीक काळानं जमिनीच्या भावाप्रमाणे भाडं पुन्हा ठरवायचं. जमिनीची मालकी विश्वस्तांकडे, फायदा राहणाऱ्यांना. हा सगळ्या योजनेचा कणा होता. बाकी झाडं, बागा आणि रुंद रस्ते हे त्या कण्यावर उभं राहणारं शरीर.

लेचवर्थ : चिखलातलं उद्घाटन

बऱ्याच जणांनी हे स्वप्नरंजन म्हणून सोडून दिलं. हॉवर्ड मात्र संध्याकाळी गावोगाव जाऊन व्याख्यानं देत राहिला. १८९९ मध्ये गार्डन सिटी असोसिएशन निघाली. राल्फ नेव्हिल नावाचे नामवंत वकील पाठीशी उभे राहिले, कॅडबरी आणि लीव्हर या उद्योगपती घराण्यांनी रस घेतला. १९०३ मध्ये कंपनी स्थापन झाली. भागधारकांना ५ टक्क्यांपेक्षा जास्त लाभांश द्यायचा नाही आणि वरचा नफा शहरावर खर्च करायचा, हे कंपनीच्या नियमांतच होतं.

लंडनच्या उत्तरेला लेचवर्थ इथे १५ जमीनमालकांकडून ३,८१८ एकर जमीन घेतली गेली. किंमत १ लाख ५५ हजार ५८७ पौंड. भागाकार करा, एकरी साधारण ४० पौंडच येतात. स्टेनोचा अंदाज बरोबर निघाला होता. ९ ऑक्टोबर १९०३ ला भर पावसात, चिखलात उद्घाटन झालं. तेव्हा त्या सगळ्या जमिनीवर मिळून सुमारे ४०० माणसं राहत होती.

आराखडा रेमंड अनविन आणि बॅरी पार्कर या आर्किटेक्ट जोडीनं केला. एकरी साधारण १२ घरं. कारखाने पूर्वेला, कारण तिथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो आणि धूर घरांवर येत नाही. अनविनचा आग्रह असा की, बसायच्या खोलीत ऊन आलं पाहिजे, मग ती खोली रस्त्याकडे तोंड करून नसली तरी चालेल. आज आपण ज्याला पर्यावरणपूरक रचना म्हणतो, तिच्यातल्या कितीतरी गोष्टी इथे साध्या व्यवहारज्ञानातून आल्या होत्या.

राहायचं कसं, किती पैशांत?

लेचवर्थमध्ये राहायला येणाऱ्यापुढे तीन-चार पर्याय होते.

पहिला, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं प्लॉट घ्यायचा आणि आपल्या पैशांनी घर बांधायचं. हा अर्थातच मध्यमवर्गाचा पर्याय.

दुसरा, स्वस्तातलं तयार घर. यासाठी १९०५ मध्ये लेचवर्थला स्वस्त घरांचं प्रदर्शन भरलं. अट एकच, घर १५० पौंडांत बांधून दाखवा. १५० पौंडांवर ५ टक्क्यांनी वर्षाचे साडेसात पौंड होतात, म्हणजे आठवड्याला ३ शिलिंगांच्याही आत. वर दुरुस्ती, भुईभाडं आणि कर धरले तरी मजुराला झेपेल, अशी कल्पना. शंभरावर घरं उभी राहिली. कोणी लाकडाचं बांधलं, कोणी काँक्रीटचं. एकानं तर कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे भाग आणून जोडले. ६० हजारांहून जास्त लोक ती पाहायला आले. त्यातली बरीच घरं आजही वापरात आहेत.

तिसरा, भाडेकरूंची सहकारी संस्था. संस्था घरं बांधणार, भाडेकरू संस्थेचे शेअर घेणार. कोणाचंही एकट्याच्या मालकीचं घर नाही, पण सगळे मिळून सगळ्या घरांचे मालक. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांशी हे नातं चटकन जुळतं. फरक इतकाच की, आपल्याकडे सभासद आपला फ्लॅट बाजारभावानं विकून निघून जाऊ शकतो. तिथे तो आपले शेअरचे पैसे घेऊन जायचा, घर मात्र संस्थेचंच राहायचं.

स्वयंपाकघर नसलेली घरं

चौथा पर्याय हॉवर्डच्या खास आवडीचा होता. अंगणाभोवती चौकोनात फ्लॅट, पण फ्लॅटला स्वतंत्र स्वयंपाकघर नाही. एक सामायिक स्वयंपाकघर, एक जेवणाची खोली आणि सगळ्यांत मिळून नोकरमाणसं. इंधन, भांडी, मोलकरणीचा पगार, सगळ्याची वाटणी. बायकांचा अर्धा जन्म चुलीपुढे जातो, तो वाचावा हाही हेतू त्यात होता.

होम्सगार्थ नावाची ही इमारत १९१० च्या सुमारास उभी राहिली. ३२ फ्लॅट ठरले होते, पैशांअभावी २४ च झाले. आधी बोलून दाखवलेली गोष्ट हॉवर्डनं स्वतः करूनही दाखवली. दुसरी पत्नी ईडिथसह तो काही वर्षं तिथेच राहिला. पहिली पत्नी एलिझाबेथ १९०४ मध्ये गेली होती. ज्या शहरासाठी तिनं वर्षानुवर्षं ओढाताण सोसली, त्यात राहायला जाण्याआधीच.

गणित कुठे अडलं?

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण लेचवर्थनं हॉवर्डला काही कटू धडेही दिले.

भांडवल ठरल्याप्रमाणे जमेना. ५ टक्क्यांच्या वर काही मिळणार नाही म्हटल्यावर श्रीमंतांना त्यात रस कसा वाटणार? पहिला लाभांश द्यायलाच १९१३ साल उजाडलं, तोही १ टक्का. त्यामुळे रस्ते आणि पाणी यांचा खर्च ओढूनताणून करावा लागला.

मग तडजोडी आल्या. ठरावीक वर्षांनी भाडं वाढू शकतं, हे कलम कारखानदारांना आणि घर बांधणाऱ्यांना नको होतं. कंपनीच्या संचालकांनी ते बाजूला ठेवलं आणि ९९ वर्षं एकच भुईभाडं ठरवलं. म्हणजे जमिनीचा वाढता भाव गावाच्या तिजोरीत आणणारा नळच बराचसा बंद झाला. कंपनीच्या कारभारात हॉवर्डचं फारसं चालत नसे. तो कल्पना सांगणारा, पैसेवाले मात्र दुसरे.

सगळ्यात बोचरी गोष्ट घरांची. १५० पौंडांच्या घरांपैकी बऱ्याच घरांचा खरा खर्च वर गेला. काही घरं शनिवार-रविवारी राहायला येणाऱ्या शहरी लोकांनी घेतली. सहकारी घरांचं भाडं कुशल कामगाराला जमायचं, पण हातावर पोट असणाऱ्याला नाही. लेचवर्थच्या कारखान्यांतले कितीतरी गरीब मजूर जवळच्या हिचिन गावातल्या जुन्या, कोंदट घरांत राहायचे आणि सायकलनं कामाला यायचे. ज्यांच्यासाठी शहर बांधलं, त्यांतले शेवटच्या पायरीवरचे बाहेरच राहिले.

याचं कारणही आकड्यांतच आहे. जमीन स्वस्त मिळाली तरी विटा, लाकूड, गवंड्याची मजुरी आणि बांधकामाच्या कर्जावरचं व्याज स्वस्त होत नाही. जमिनीचा प्रश्न सुटला तर मध्यम उत्पन्नवाल्याचं घर आवाक्यात येतं. अगदी गरिबाच्या घराला बाहेरून मदत लागतेच. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये सरकारी अनुदानातून नगरपालिकांची घरं मोठ्या प्रमाणात बांधली जाऊ लागली, तेव्हा लेचवर्थमध्येही अशा कुटुंबांना जागा मिळू लागली.

खिशात पैसे नसताना लिलावात बोली

एवढं होऊनही गडी थांबला नाही. युद्ध संपल्यावर त्याचे तरुण सहकारी सरकारनं नवी शहरं बांधावीत म्हणून प्रयत्न करत होते. हॉवर्डला सरकारवर विसंबून राहणं पटेना. मे १९१९ मध्ये वेलविनजवळची मोठी जमीन लिलावात निघाली. एकोणसत्तरीतला हा माणूस जवळ पैसे नसताना लिलावाला हजर राहिला आणि १,४५८ एकरांसाठी ५१,००० पौंडांची बोली जिंकून आला! अनामत मित्रांकडून गोळा केलेली. तीही थोडी कमी पडली, तेव्हा त्याच्या वतीनं बोली लावणाऱ्या एजंटनंच फरक भरला.

तिथे वेलविन गार्डन सिटी उभी राहिली. १९२१ पासून हॉवर्ड तिथेच राहिला. १९२७ मध्ये सर हा किताब मिळाला. १ मे १९२८ ला तो वारला आणि लेचवर्थला त्याचं दफन झालं. दोन शहरं वसवणाऱ्या या माणसानं त्यांतून स्वतःची मालमत्ता केली नाही. म्हातारपणीही तो लघुलेखनाच्या कमाईवर आणि आपल्या यंत्रांच्या नादात जगला.

शेवटी जमीन कोणाची?

खरी परीक्षा तो गेल्यावर झाली. वेलविन १९४८ मध्ये सरकारी विकास महामंडळाकडे गेलं. पुढे तिथल्या जमिनीच्या वाढलेल्या किमतीचा फायदा गावाऐवजी सरकारी तिजोरीत गेला.

लेचवर्थची गोष्ट वेगळी. १९६० च्या सुमारास बाहेरच्या एका कंपनीनं जुन्या कंपनीचे शेअर घेऊन ताबा मिळवला. गावाची जमीन हातची जाणार हे दिसताच गावकरी खडबडून जागे झाले. संसदेत खास कायदा झाला आणि १९६३ पासून मालमत्ता सार्वजनिक महामंडळाकडे आली. १९९५ पासून ती एका लोकोपयोगी संस्थेच्या ताब्यात आहे. दुकानं, कारखाने आणि शेतजमीन यांच्या भाड्याचा पैसा आजही गावातल्या सोयींवर खर्च होतो. घरांचं मात्र तसं राहिलं नाही. १९६७ च्या कायद्यानं भाडेपट्टेदारांना घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क मिळाला, बहुतेकांनी ती घेतली आणि तिथली घरं आज लंडनजवळच्या इतर घरांसारखीच महाग आहेत. जेवढी जमीन सामायिक राहिली, तेवढाच हॉवर्डचा हिशोब टिकला.

आपल्याकडे नवी मुंबई वसवताना याच्या जवळपासचा विचार झाला. ९५ गावांची जमीन सरकारनं संपादित करून सिडकोकडे दिली, सिडकोनं प्लॉट ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिले आणि त्याच पैशातून शहर बांधलं. पण लेचवर्थला १५ जमीनदारांनी आपखुशीनं जमीन विकली होती. इथे हजारो आगरी-कोळी कुटुंबांची भातशेती आणि मिठागरं गेली. वाढलेल्या भावात आमचाही वाटा हवा, यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, त्यात ५ जणांचा बळी गेला आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. मागणीच्या मुळाशी प्रश्न हॉवर्डचाच होता, जमिनीचा भाव वाढला तर तो कोणाचा?

आज मित्रमंडळी मिळून शहराबाहेर पाच-दहा एकर घ्यायची, मातीची घरं बांधायची, सोलर आणि सामायिक स्वयंपाकघर ठेवायचं, असे बेत महाराष्ट्रातही आखले जातात. अशा वस्तीत घर घ्यायचा विचार असेल, तर बांधकामाचा दर विचारण्याआधी तीन गोष्टी विचारा. जमीन कोणाच्या नावावर राहणार? कोणी सोडून गेलं तर त्याला किती पैसे परत मिळणार आणि ते कोणत्या हिशोबानं? उद्या भाव दसपट झाला आणि निम्म्या सभासदांना विकावंसं वाटलं, तर त्यांना कोणता नियम अडवणार? या तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील, तर झाडं कितीही लावा, ती वस्ती दहा-वीस वर्षांत इतर कुठल्याही गृहप्रकल्पासारखीच होते.